कॉन्टेसाची टिकटिक

जुनी इंदूर,
१९ जुलै

तीर्थावर जाऊन बसलेल्या तीर्थरूप बाबांना,

पत्र बघून दचकू नका. घर जागेवर आहे, मी धडधाकट आहे. तुमचा फोन तुम्ही देवघराशेजारच्या फळीवर ठेवून गेलात, तो अजून तिथेच आहे. मी तो चार्ज करते. का ते विचारू नका. कर्ज हवंय का असं विचारणाऱ्या मुलींखेरीज त्यावर कुणाचा फोन येत नाही. परवा एकीला सांगितलं, साहेब नर्मदा परिक्रमेला गेलेत. ती म्हणाली, "कब तक आएँगे सर?" मी म्हटलं, "आप ही पूछ लो, मुझे तो बताया नहीं."

तुमचा पत्ता सुनीतामावशीकडून मिळाला. तिच्या भजनी मंडळातली एक बाई परिक्रमेत तुम्हाला भेटली म्हणे. गुडघा सुजला म्हणून तुम्ही नावडातोडीच्या आश्रमात थांबलात, मग उन्हाळा लागला, आणि आता चातुर्मास, म्हणजे देवउठनी एकादशीपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. नावडातोडी! बाबा, म्हणजे महेश्वरच्या घाटावर उभं राहिलं की समोरच्या काठावर तुम्ही. ज्या घाटावर आपण तिघं दर थंडीत जाऊन बसायचो आणि आई तुमच्या वाटणीचे शेंगदाणेसुद्धा खायची. मला वाटत होतं तुम्ही कुठे गुजरातेत असाल, समुद्राजवळ. तुम्ही निघालात आणि जेमतेम दोन तासांच्या रस्त्यावर जाऊन बसलात. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

परिक्रमेत मैया ओलांडायची नाही, वाहनात बसायचं नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही दक्षिण काठावर, इंदूर उत्तरेला, म्हणजे तुम्ही घरी येऊ शकत नाही. पण मी कुठे परिक्रमेला निघाले आहे? मी पुलावरून येऊ शकते. निघताना तुम्ही म्हणालात, "भेटायला येऊ नका, पाय मागे ओढतात." मी ऐकलं. आईची परिक्रमेची इच्छा राहून गेली आणि ती तुम्ही तिच्या नावाने पुरी करताय, हेही मला मान्य आहे. पण आई गेली तेव्हा माझीही आई गेली होती, हे तुमच्या ध्यानात आलं का? झोळी तुम्ही उचललीत आणि रिकामं घर माझ्याकडे ठेवून गेलात.

जाऊ दे. मुद्दा गाडीचा आहे.

कॉन्टेसा महिनोन्‌महिने उभी होती. गेल्या रविवारी कॉलेजातल्या एकांनी बॅटरीला तारा जोडून दिल्या आणि बाईसाहेब सुरू झाल्या. पण ती टिकटिक, बाबा! पूर्वी होती त्याच्या दुप्पट. तुमची गाडी मल्हारगंजाकडून गल्लीच्या वळणावर आली की आईला स्वयंपाकघरात ती टिकटिक ऐकू यायची आणि ती चहाचं आधण ठेवायची. तुम्ही चपला काढेपर्यंत कप हातात. शेवटी शेवटी मात्र तुम्ही पेट्रोल वाचवायला वळणावरच इंजिन बंद करून गाडी उतारावर घरंगळत आणायचात. वीजमंडळातून रिटायर झालेला माणूस इतका कंजूष कसा, असं मी उन्मेषना सांगत होते. उन्मेष म्हणजे तेच बॅटरीवाले.

तर राजवाड्यापाशी पोचेपर्यंत तेलाचा लाल दिवा लागला. दोरीने बांधून पोलोग्राउंडला दिवाकरच्या गॅरेजात नेली. त्याने वरचं झाकण काढून आत डोकावून निकाल दिला: "ताई, टेन्शन नका घेऊ. नीचे का इंजिन एकदम कडक आहे. मामला ऊपरचा आहे. कॅमशाफ्टच्या कॅप घिसून गेल्या." तुम्हाला हे सगळं पाठ आहे, पण मी आत्ता शिकले, तेव्हा मला सांगू द्या. इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, एक लांब दांडा फिरतो, तो कॅमशाफ्ट. तो जागचा हलू नये म्हणून त्याच्यावर पाच टोप्या आवळलेल्या असतात, त्या बेअरिंग कॅप. त्या झिजल्या की तेलाचा दाब तिथूनच निसटतो, दांडा सैल खेळतो आणि टिकटिक होते.

मी काम करायला सांगणार आहे. आणि गाडी नीट झाली की ती घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणते आहे. तुम्ही नको म्हणालात, म्हणून तुमच्या शब्दाशिवाय येणार नाही. फार लिहू नका. "ये" एवढंच लिहा.

तुमची,
शलाका


नावडातोडी,
१ ऑगस्ट

चि. शलाका, आशीर्वाद.

पत्र पोचलं. गाडी फार चालवू नकोस. तेल जाड घाल, २०-५०. फिल्टर बदल. दिवा जाईल. कॅप बदलायची काही गरज नाही. दिवाकरला सांग, वरचं उघडू नकोस. गुडघा उतरला आहे. नदीचं पाणी वरच्या पायऱ्यांना लागलं आहे.

अच्युत


जुनी इंदूर,
१० ऑगस्ट

बाबा,

कार्ड मिळालं. खाली सही "अच्युत". वीजमंडळाचा मेमो आल्यासारखं वाटलं. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, पत्त्याच्या बाजूला कुठे कोपऱ्यात "ये" लिहिलंय का. तिथे फक्त पिनकोड होता, तोही चुकलेला.

तुमचा सल्ला मी मानला नाही. राग येऊ द्या. जाड तेलही घालून पाहिलं, गाडी गरम झाली की दिवा पुन्हा लागतोच. दिवाकर म्हणाला, "असंच चालवलं तर एखाद दिवशी कॅमशाफ्टच अटकेल, मग बसा भजन करत." भजन करायला आपल्या घरातून एक माणूस गेलाय तेवढा पुरे, म्हणून मी सांगितलं, उघड.

आणि आता खरी गोष्ट. काल राखी होती, कॉलेजला सुट्टी, म्हणून मी गॅरेजातच होते. उन्मेष टॉर्च धरायला आले होते. त्यांना गाडीतलं काडीचं कळत नाही, ते आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल आहेत आणि स्कूटर चालवतात, पण टॉर्च हलू न देता धरतात. दिवाकर एकेक टोपी काढून फडक्यावर मांडत होता. पुसता पुसता म्हणाला, "ताई, हे काय लागलंय?" बोल्टच्या खाचेत काळपट थेंब होते. पहिल्या टोपीला एक, दुसऱ्या टोपीला दोन, असे पाचवीपर्यंत. मी नखाने खरवडलं, तर आतून लाल निघाला. बाबा, ती आईची नेलपॉलिश आहे.

मला लगेच आठवलं. मी आठवी-नववीत असेन. मामाच्या लग्नाला निघताना आई सगळं घर उलथंपालथं करत होती, "माझी लाल बाटली गेली कुठे?" आणि तुम्ही वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला होतात. शेवटी आई नखं तशीच ठेवून लग्नात वावरली आणि फोटोत हात पदराखाली लपवले. बाटली इंजिनात खर्ची पडली होती तर! मी रसायनशास्त्र शिकवते, बाबा. गरम तेलात नेलपॉलिश इतकी वर्षं टिकायला नको. पण टिकली आहे खरी.

मी तिथे स्टुलावर बसून रडले. दिवाकरला वाटलं खर्चाच्या काळजीने रडतेय. तो म्हणाला, "अरे ताई, घर की बात आहे, हिसाब नंतर बघू." उन्मेषनी टॉर्च बंद केली, म्हणजे माझा चेहरा दिसू नये.

नंतर माझ्या डोक्यात प्रश्न आला. तुम्ही खुणा केल्या, म्हणजे तुम्ही हे झाकण त्या काळीच उघडलं होतं. दिवाकर म्हणतो, झीज जुनी आहे. म्हणजे टोप्या गेल्यात हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा स्पेअर सहज मिळत होते. घरातला पंखा जरा कुरकुरला तरी तुम्ही शिडी लावायचात. मग याच टोप्या पुसून परत का बसवल्या? आणि आताही "गरज नाही" का म्हणता?

गुडघ्याचं कळलं, बरं वाटलं. बाकी मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं आहे.

शलाका


जुनी इंदूर,
२४ ऑगस्ट

बाबा,

उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे तुमच्याखेरीज कुणाला सांगून उपयोग नाही.

आमची फजिती झाली. कॉन्टेसाच्या कॅप आता कुठे मिळत नाहीत. मल्हारगंजातल्या जुन्या स्पेअरवाल्याकडे गेले तर तो हसला: "मॅडम, यह तो म्यूजियम में पूछो." मग दिवाकरला सुचलं की देवासच्या भंगारात एक कॉन्टेसा पडली आहे, तिच्या टोप्या जवळपास कोऱ्या आहेत. मी खूश, दिवाकर खूश. पाच टोप्या कागदात गुंडाळून आणल्या, पेढ्यांसारख्या. ओळीने बसवल्या. आणि बोल्ट आवळला तसा कॅमशाफ्ट जाम. हाताने फिरेना, पान्याने फिरेना. सैल केला की फिरतो, आवळला की पुन्हा गच्च.

दिवाकर हार मानणारा नाही. त्याने कानस काढली. "थोडा घिसून देतो, बैठ जाएगा." मला तेव्हाच शंका आली होती, पण मला काय कळतं, म्हणून गप्प बसले. त्याने एक टोपी घासली, ती ढिली झाली, मग शेजारची घासली, ती वाकडी. शेवटी त्यांपैकी एकही टोपी धड राहिली नाही. मग लक्षात आलं की दोन टोप्या उलट्याही बसवल्या होत्या. टोपीवर बाण आहे, पण बाण कुठल्या दिशेला ठेवायचा यावर दिवाकर आणि त्याच्या शेजारच्या गॅरेजवाल्याचं एकमत होईना. उन्मेष म्हणाले, पुस्तकात बघू. त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात शोधलं, तिथे ट्रॅक्टरचं एक पुस्तक निघालं.

आईच्या खुणेच्या टोप्या मी घरी आणल्या आहेत. दिवाकर भंगारात टाकत होता. आता देवघरात, तुमच्या फोनशेजारी आहेत. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा त्याही बघते. घरात संध्याकाळी चहा मी एकटीपुरता ठेवते, आणि दर वेळी पाणी जास्त होतं. माझ्या हाताला अजून माप कळलेलं नाही.

बाबा, मी तुमच्यावर चिडलेली आहे हे खरं, पण त्याच्याखाली एवढंच आहे की मला तुम्हाला बघायचं आहे. एकदा. काठावर उभं राहून लांबून बघायलाही माझी हरकत नाही.

शलाका


नावडातोडी,
२ सप्टेंबर

चि. शलाका, आशीर्वाद.

दुसऱ्या हेडच्या कॅप बसत नाहीत. कॅप आणि हेड एकत्र आवळून मगच त्यात भोक पाडतात. त्यामुळे ज्या हेडची कॅप त्याच हेडला. दिवाकरला एवढं ठाऊक नाही, कमाल आहे. कानस लावली हे वाचून जेवण गेलं नाही. बाणाचं तोंड रेडिएटरकडे. भंगारातल्या टाकून दे आणि आपल्या जुन्याच परत बसव. त्या चालतील. कुणाला नव्याने भोक पाडू, बोरिंग करू देऊ नकोस.

उन्मेष कोण?

अच्युत


जुनी इंदूर,
९ सप्टेंबर

बाबा,

तुमचं कार्ड शनिवारी आलं, अनंत चतुर्दशीला. तोवर हेड पोलोग्राउंडच्याच शंकररावांच्या मशीनवर चढलेलं होतं. उतरवायचं का, असा विचार एक क्षण केला, खोटं नाही सांगत. पण उतरवून करायचं काय? त्या टोप्या परत बसवल्या असत्या तर लाल दिवाही परत आला असता. तुम्ही नको का म्हणता ते तुम्ही सांगत नाही, आणि कारण न सांगता पाळायच्या गोष्टी मी या वर्षात बऱ्याच पाळल्या.

शंकरराव तुम्हाला आवडले असते. कानाने कमी ऐकतात, त्यामुळे सगळ्या जगाशी ओरडून बोलतात. मी नुसत्या टोप्यांचं विचारलं तर ओरडले, "हेड आणा हेड! टोपी अकेली काय करू, डोक्यावर घालू?" आम्ही हेड नेलं. त्यांनी अॅल्युमिनियमच्या पाच कच्च्या टोप्या तयार केल्या, हेडवर घट्ट आवळल्या आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत पाचही भोकं एकदम पाडली. चतुर्दशीला दुपारनंतर सगळं बंद, सगळे मिलच्या झांक्या, रोषणाईचे रथ बघायला. दुसऱ्या दिवशी कुणी जागं होईना. पण काल काम पुरं झालं. दिवाकरने दांडा ठेवला, टोप्या आवळल्या, बाणाचं तोंड रेडिएटरकडे (तुमचं कार्ड मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने कान पकडले), आणि एका बोटाने दांडा फिरवला. फिरला.

मग इंजिन सुरू केलं. बाबा, टिकटिक बंद. अगदी बंद. मला वाटलं सुरूच झालं नाही, मी पुन्हा किल्ली फिरवायला गेले तर दिवाकर ओरडला, "ताई, चालू आहे ना भिया!" घाईत त्याने ताईचा भैया केला. लाल दिवा गेला. मी गाडी घरी आणली. वळण घेऊन दारात आले तरी समोरच्या काकूंना कळलं नाही, त्या पोह्यांची कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

उन्मेष चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. त्यांचं लग्न झालेलं नाही, आई अंथरुणाला खिळून होती, तिचं करण्यात वर्षं गेली. ती दोन वर्षांपूर्वी वारली. माझी आणि त्यांची ओळख जुनी, पण आपली आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन येणारे तेच होते. तुम्ही त्यांना पाहिलं आहे, तुम्हाला आठवत नाही. त्या दिवसांत तुम्हाला डबा कोण आणतो हे दिसत नव्हतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आम्ही लग्न करायचं म्हणतो आहोत.

हे मी पहिल्याच पत्रात लिहिणार होते. पण मला भीती वाटली. तुम्ही माझ्यासाठी परिक्रमा अर्धी टाकून आलात तर आईचं राहील, आणि आला नाहीत तर माझं राहील. दोन्ही मला झेपणार नव्हतं. म्हणून टोप्या, तेल, दिवाकर असं लिहीत राहिले. गाडी दुरुस्त करायला काढली ती त्यासाठीच. मला तुम्हाला बसने येऊन भेटता आलं असतं, ते कळतं मला. पण आपली गाडी घेऊन यायचं होतं. घरातलं कुणीतरी आल्यासारखं वाटलं असतं.

आता उपाय ऐका. तुम्ही नदी ओलांडायची नाही, गाडीत बसायचं नाही. आम्ही तुमच्या काठावर येतो. देवउठनीला तुम्ही पुढे चालायला लागणार. त्या दिवशी सकाळी आश्रमाच्या अंगणात आम्ही एकमेकांना हार घालू, तुम्ही अक्षता टाका आणि आपल्या वाटेने निघा. तुमचं काही मोडत नाही. पण त्याआधी एकदा मला भेटायला येऊ द्या. माणूस बघून घ्या. नापसंत असेल तर तसं सांगा, ऐकायचं की नाही ते मी बघेन.

एक शब्द, बाबा.

शलाका


नावडातोडी,
१० सप्टेंबर

चि. शलाका,

आज कार्ड पुरणार नाही म्हणून आंतर्देशीय घेतलं.

तू ऑगस्टात विचारलंस की टोप्या गेलेल्या दिसत असताना मी त्याच का बसवल्या. मी टाळलं. पुन्हा टाळून कार्ड पाठवलं. पण ते पेटीत टाकल्यापासून मला चैन नाही. तू बोरिंग करून घेशील, असं वाटतं. तू माझं ऐकत नाहीस आणि ते बरंच आहे.

मी ते झाकण उघडलं ते बदलायलाच. हेड उतरवून नव्या टोप्यांचं बोरिंग करून घेणार होतो. तुझी आई, रमा, बाहेर आली आणि म्हणाली, "हा आवाज बंद होणार का?" मी म्हटलं, हो, एकदम शांत होईल. ती म्हणाली, "मग तुम्ही आलात हे मला कळणार कसं?" मी हसलो. मग तिच्याच नेलपॉलिशने खुणा केल्या आणि त्याच टोप्या होत्या तशा बसवल्या. तेल जरा जाड घालत राहिलो. इंजिनाच्या दृष्टीने ते चूकच होतं. पण माझी गाडी वळणावर आली की ती आधण ठेवायची. असं कितीतरी वर्षं चाललं आणि मी कधी तिला त्याबद्दल काही बोललो नाही. बोलायचं असतं, हे सुचलं नाही.

ती गेल्यावर पहिल्यांदा गाडी घेऊन घरी आलो तेव्हा वळणावर तो आवाज झाला. दारात आलो. घरात कुणी आधण ठेवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वळणावर इंजिन बंद करत होतो. पेट्रोल वाचवायला नाही.

इथे येऊन मला वाटलं होतं, सुटलं. सुटत नाही. समोर महेश्वरच्या घाटावर संध्याकाळी दिवे लागतात, तिकडे बघायला नको म्हणून मी पाठ करून बसतो. तू लिहिलंस, लांबून बघायलाही हरकत नाही. ते वाचून मला माझी लाज वाटली. पाय मागे ओढतात म्हणून तुला नको म्हटलं, पण पाय तसेही ओढतातच.

आपल्या जुन्या टोप्या बसवल्या असतील तर गाडी घेऊन ये. हळू चालव, तेल सोबत ठेव. मला तो आवाज एकदा ऐकायचा आहे. इथे रस्त्यावरून वळण घेऊन आश्रम लागतो, मी ओट्यावर बसेन.

टॉर्च धरणाऱ्यालाही आण.

ये.

बाबा


जुनी इंदूर,
२२ सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना चुकवून गेलं. माझं तुम्हाला आता मिळालं असेल. म्हणजे आवाज गेला हे तुम्हाला कळलं असेल. तुम्ही ओट्यावर बसून ते वाचलं असेल, याचा विचार मी रोज करते आहे.

तुमचं पत्र मी गाडीत बसून वाचलं. नंतर इंजिन सुरू केलं आणि कान देऊन ऐकलं, कुठे थोडी तरी टिकटिक उरली आहे का. काही नाही. शंकररावांनी काम फार चांगलं केलं आहे. मी दुसऱ्या दिवशी देवघरातल्या टोप्या घेऊन दिवाकरकडे गेले आणि म्हटलं, या परत बसव. तो माझ्याकडे बघतच राहिला. उन्मेषनी त्याला सगळं सांगितलं. दिवाकरने एक टोपी उचलून खुणेवरून अंगठा फिरवला. नंतर म्हणाला, "ताई, आता नाही होणार. हेड आता नवीन टोप्यांसोबत कटलंय. जुन्या हिला बसणारच नाहीत." आणि फडक्याने हात पुसत आत गेला. तुमच्याच भाषेत सांगायचं तर ज्या हेडची कॅप त्याच हेडला.

मी चूक केली असं म्हणणार नाही, बाबा. त्या टोप्यांवर ही गाडी तुमच्यापर्यंत पोचली नसती. मानपूरच्या घाटात कुठेतरी थांबली असती आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले असते. पण तुम्हाला जे एकदा ऐकायचं होतं ते मी आणू शकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एवढी वर्षं मी त्या आवाजाला खराबी समजत होते. तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तर? तरी मी बदललंच असतं, बहुतेक. पण बदलायच्या आधी एकदा गाडी वळणावर आणून तुमच्यासाठी तो आवाज फोनवर तरी भरून ठेवला असता.

तुमच्या पत्रातलं शेवटचं अक्षर मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आणि सहीसुद्धा. "अच्युत" नाही.

दसऱ्याला येतो आहोत. सकाळी दारात गाडीची पूजा करू, तुम्ही करायचात तशी, बॉनेटवर स्वस्तिक आणि आरशाला झेंडूची माळ. आईच्या पाच टोप्या रुमालात बांधून आणते. त्या तुमच्या झोळीत ठेवा, जड वाटल्या तर मैयेत सोडा, नाहीतर मला परत द्या, तुम्ही ठरवा. उन्मेष पुढच्या सीटवर असतील, गाडीत बसून त्यांना मळमळतं, तेव्हा पहिल्या भेटीत ते जरा हिरवे दिसले तर मत बनवू नका. सोनं लुटायला आपट्याची पानं मी इथूनच आणते.

पुलावरून कसरावदच्या बाजूने उतरू आणि दुपारी साधारण तीनच्या सुमाराला तुमच्या वळणावर असू. तुम्ही ओट्यावर बसून कान देऊ नका, बाबा. काहीही ऐकू येणार नाही. गाडी अगदी गुपचूप येते आता, दारात येऊन उभी राहिली तरी कळत नाही.

म्हणून आधीच सांगून ठेवते. आम्ही निघालो आहोत असं समजा, आणि तीन वाजले की चहाचं आधण तुम्ही ठेवा.

तुमची,
शलाका